पत्रातली पदनामे आणि शॉर्टफॉर्म : ठिपका कुठे, स्वल्पविराम कुठे, पूर्ण नाव कुठे

पत्र भलत्याच टेबलावर जाते तेव्हा दोष बहुधा मजकुरात नसतो, वरच्या चार ओळींत असतो. 'मा. कार्यकारी अभियंता साो., जळगाव' एवढाच पत्ता असलेले पत्र महावितरणचे, सार्वजनिक बांधकाम विभागाचे की जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे, हे आवक कारकुनाने ओळखायचे कसे? इंग्रजीत पदनाम उठून दिसावे म्हणून कॅपिटल अक्षर असते. देवनागरीत लहान-मोठे अक्षर नाही. ते काम शब्दांचा क्रम, स्वल्पविराम, ठिपका आणि जोडून किंवा तोडून लिहिणे यांच्याकडे येते, आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

पुढचा क्रम जिनिंग, डाळ मिल, केळीचा व्यापार, पतसंस्था, शाळा, दुकान अशा कुठल्याही कार्यालयातून निघणाऱ्या पत्राला चालतो. टप्पे मात्र उलटेसुलटे करू नका. आधी मजकूर टाइप करून मग पदनाम शोधायला बसले की तेच पद एका पत्रात तीन तऱ्हेने लिहिले जाते.

टप्पा १ : पत्राआधी पदनामांचा तक्ता

एका कागदावर किंवा एक्सेलमध्ये चार रकाने आखा : पूर्ण पदनाम, कार्यालयाचे पूर्ण नाव, चालणारा संक्षेप, इंग्रजी पत्रात लागणारे रूप. ज्या कार्यालयांशी वर्षभर पत्रव्यवहार होतो तेवढीच घ्या. बहुतेकांचे काम वीस-पंचवीस ओळींत भागते.

पदनाम कुठून घ्यायचे? त्या कार्यालयाकडून तुम्हाला आलेल्या शेवटच्या पत्रातल्या सहीखालून. दारावरची पाटी जुनी असू शकते आणि ओळखीच्या माणसाने फोनवर सांगितलेले नाव बोलीतले असते. बोलताना आपण 'प्रांत' म्हणतो, कागदावर ते 'उपविभागीय अधिकारी' असतात. बोलताना 'बीडीओ', कागदावर 'गटविकास अधिकारी'. गावातल्या तलाठी आप्पांचे पदनाम २०२४ मध्ये 'ग्राम महसूल अधिकारी' झाले. त्याच वर्षी ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदे मिळून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे पद झाले. जुना नमुना कॉपी-पेस्ट करणाऱ्यांच्या पत्रात अजून 'तलाठी' निघतो. त्यासाठी पत्र कुणी परत पाठवत नाही, पण पाठवणाऱ्याच्या फायली किती जुन्या आहेत ते कळते.

तक्ता भरताना या जोड्या वेगळ्या ठेवा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो :

- जळगाव आणि धुळे इथे महानगरपालिका, म्हणून प्रशासकीय प्रमुख 'आयुक्त'. नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव इथे नगरपरिषद, म्हणून 'मुख्याधिकारी' (एक शब्द).
- जिल्हा परिषदेत 'मुख्य कार्यकारी अधिकारी' (तीन शब्द). बोलीत मुख्याधिकारी म्हणजे 'सीओ' आणि मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे 'सीईओ'. एका अक्षराच्या फरकाने पत्र दुसऱ्याच इमारतीत जाते.
- बाजार समिती आणि पंचायत समिती यांना 'सभापती', जिल्हा परिषदेला 'अध्यक्ष', नगरपरिषदेला 'नगराध्यक्ष'. विकास सोसायटीत 'अध्यक्ष' (बोलीत चेअरमन), आणि तिचा कारभार लिहिणारा 'गटसचिव'.
- महावितरणमध्ये नुसते 'अभियंता' लिहून काहीच कळत नाही. परिमंडळाला मुख्य अभियंता, मंडळाला अधीक्षक अभियंता, विभागाला कार्यकारी अभियंता, आणि कक्षाला सहायक किंवा कनिष्ठ अभियंता असतो. वीजभार वाढवण्याचा अर्ज कोणत्या पायरीवर जातो ते आधी विचारा, मगच पदनाम लिहा.

स्वतःच्या संस्थेची पदेही याच तक्त्यात हवीत. 'संचालक' कंपनीत किंवा सहकारी संस्थेत असतो. भागीदारी फर्ममध्ये 'भागीदार', एकट्याच्या धंद्यात 'मालक' किंवा 'प्रोप्रायटर'. एकट्याचे दुकान आणि कार्डावर 'एमडी' (मॅनेजिंग डायरेक्टर) असे असेल तर बँकेत खाते उघडताना पहिला प्रश्न तिथूनच येतो. शिवाय 'एमडी' ही डॉक्टरांची पदवीही आहे. सहकारी साखर कारखान्यात मॅनेजिंग डायरेक्टरचे पद 'कार्यकारी संचालक' म्हणून लिहिले जाते, तर खासगी कंपनीत 'कार्यकारी संचालक' आणि 'व्यवस्थापकीय संचालक' ही दोन वेगळी पदे असू शकतात. म्हणून भाषांतर करत बसू नका, नियुक्तिपत्रात जे आहे तेच उचला.

तपासा : तक्त्यात 'सहायक' आहे ना? 'सहाय्यक' नको. 'तहसीलदार'मधला 'सी' दीर्घ आहे ना? 'उप' पुढच्या शब्दाला जोडला आहे ना? 'उपमहाव्यवस्थापक', 'उपअभियंता' असे लिहा. एकाच फाइलीत जोडलेले आणि तोडलेले अशी दोन रूपे असतील तर संगणकावर शोधताना निम्मी पत्रे सापडत नाहीत.

टप्पा २ : पत्ता, आतून बाहेर

क्रम असा : पद, कक्ष किंवा विभाग, कार्यालय, गाव. व्यक्तीचे नाव गरज असेल तरच. सरकारी कार्यालयाला पत्र पदाच्या नावे लिहिलेले बरे. माणसाची बदली झाली तरी पत्र त्या खुर्चीचेच राहते.

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
भुसावळ विभाग,
महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी मर्यादित,
भुसावळ, जि. जळगाव.

प्रत्येक ओळीअखेर स्वल्पविराम, शेवटच्या ओळीला पूर्णविराम. काही कार्यालये ओळीअखेरचे स्वल्पविराम गाळतात. तेही चालते, पण मग सगळेच गाळा. दोन ओळींना आहे आणि तिसरीला नाही, असा पत्ता घाईत लिहिलेला दिसतो.

खासगी कंपनीतल्या माणसाला लिहिताना नाव वर, पद खाली : 'श्री. अ. ब. पाटील,' आणि पुढच्या ओळीवर 'व्यवस्थापक (खरेदी),'. विभाग कंसात लिहा. 'व्यवस्थापक/खरेदी' अशी तिरपी रेघ मारली की 'व्यवस्थापक किंवा खरेदी' असा अर्थ निघू शकतो. फर्मच्या नावाआधी 'मे.' लावायचे तर भागीदारी किंवा मालकीच्या फर्मला लावा. 'प्रा. लि.' कंपनीला ते लागत नाही.

गावाच्या पत्त्यात ठिपक्यांनंतर जागा सोडा : 'मु. पो. भालोद, ता. यावल, जि. जळगाव'. 'मु.पो.ता.जि.जळगाव' असे एकगठ्ठा लिहिल्यावर ओळ कुठेही तुटते आणि गावाचे नाव खालच्या ओळीवर जाऊन पडते. तालुका आणि जिल्हा एकाच नावाचा असेल तर 'ता. जि. जळगाव' पुरे.

सावध : 'ता.' म्हणजे तालुका आणि तारीखही. एकाच पत्रात दोन्ही आली तर तारखेला 'दि.' वापरा. पत्त्यातली 'ता.' सोडून दुसरी कुठेही ठेवू नका.

टप्पा ३ : मा., श्री., साो.

'मा.' म्हणजे माननीय की माजी? 'मा. आमदार', 'मा. सरपंच' असे कार्यक्रमपत्रिकेत छापून आल्यावर वाचणारा सोयीचा अर्थ घेतो आणि ज्यांचे नाव आहे ते नाराज होतात. नियम सोपा ठेवा : 'मा.' फक्त माननीयसाठी, आणि 'माजी' नेहमी पूर्ण लिहा. जागेची बचत एका अक्षराची, भांडण मात्र पंचवार्षिक.

'श्री.' हा 'श्रीयुत'चा संक्षेप, म्हणून माणसाच्या नावाआधी ठिपका लागतो. देवाच्या नावाआधी 'श्री' हा पूर्ण शब्द, तिथे ठिपका नाही. 'श्रीमती' हाही पूर्ण शब्द, ठिपका नाही. बाई विवाहित आहेत की नाहीत हे पत्रावरून ठरवायचे नसते, म्हणून कार्यालयीन पत्रात 'सौ.' ऐवजी 'श्रीमती' बरे. पदाला उगाच स्त्रीलिंगी रूप देऊ नका. 'सरपंच', 'सभापती', 'तहसीलदार' हे दोघांनाही तेच राहतात. 'मुख्याध्यापिका' मात्र रूढ आहे आणि शाळेच्या शिक्क्यावरही असते. शिक्का पाहा आणि तेच घ्या. मायना 'महोदय' की 'महोदया' हे कळत नसेल तर 'महोदय/महोदया' लिहा. तिरपी रेघ चालेल अशी पत्रातली ही एकमेव जागा.

उपाध्यांची माळ लावू नका. 'मा. श्री. डॉ. अ. ब. पाटील साहेब' यात चार मान आहेत, पुरेसा एक. डॉक्टर, वकील, सीए, प्राध्यापक असतील तर 'डॉ.', 'ॲड.', 'सीए', 'प्रा.' यांपैकी लागू तेवढे लावा आणि 'श्री.' काढा. 'साो.' किंवा 'सो.' हे आपल्याकडच्या अर्जांत सर्रास दिसते, पण तो 'साहेब'चा मोडका संक्षेप आहे, पदनाम नव्हे. पदाआधी 'मा.' लावल्यावर त्याची गरज उरत नाही. ज्यांना तो सोडवतच नाही त्यांनी निदान 'साहेब' पूर्ण लिहावे.

टप्पा ४ : वाक्यात पद आणि नाव

पद नावाआधी आले तर मध्ये स्वल्पविराम नाही : 'व्यवस्थापक श्री. अ. ब. पाटील यांनी माल तपासला.' पद नावानंतर आले तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम : 'श्री. अ. ब. पाटील, व्यवस्थापक, यांनी माल तपासला.' दुसरा स्वल्पविराम विसरणे ही सगळ्यात नेहमीची चूक. तो लक्षात राहत नसेल तर कंस घ्या : 'श्री. अ. ब. पाटील (व्यवस्थापक) यांनी'. वाचायलाही हेच सोपे जाते.

एकाच माणसाकडे दोन पदे असतील तर 'तथा' लिहा : 'जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी'. 'व' लिहिले की दोन माणसे होतात. सभेच्या इतिवृत्तात 'अध्यक्ष व सचिव हजर होते' म्हणजे दोघे, 'अध्यक्ष तथा सचिव हजर होते' म्हणजे एक. गणपूर्ती मोजताना हा फरक अंगाशी येतो. तसेच 'अध्यक्ष, सचिव अ. ब. पाटील व व्यवस्थापक हजर होते' असे वाक्य लिहू नका. पाटील सचिव की अध्यक्षही तेच, हे त्यातून ठरत नाही. प्रत्येक पदापुढे त्याचे नाव लिहा, किंवा सगळीच नावे काढा.

तपासा : प्रत्येक वाक्यातले पद बोटाने झाका आणि वाक्य वाचा. उरलेले वाक्य धड वाचता आले तर स्वल्पविराम जागेवर आहेत.

टप्पा ५ : शॉर्टफॉर्मची जात ओळखा

ठिपका द्यायचा की नाही हे सवयीवर सोडू नका, शॉर्टफॉर्मच्या जातीवर ठरवा. जाती चार.

*लिहिताना लहान, वाचताना पूर्ण.* 'ता.', 'जि.', 'क्र.', 'रु.', 'डॉ.', 'प्रा. लि.', 'जा. क्र.'. इथे ठिपका हवाच, कारण तो 'हा शब्द अर्धा आहे' असे सांगतो. 'रु.'मधला उकार ऱ्हस्व. रक्कम 'रु. ५,०००' किंवा रुपयाचे चिन्ह, दोन्ही एकत्र नको.

*मराठी आद्याक्षरे.* 'जि. प.', 'पं. स.', 'कृ. उ. बा. स.'. ठिपका आणि जागा दोन्ही द्या. बातम्यांत 'जिप' लिहितात, पण पत्रात ती गाडी वाटते.

*इंग्रजी अक्षरे, एकेक उच्चारून.* 'जीएसटी', 'एमआयडीसी', 'आरटीओ', 'जीआर', 'एफआयआर'. ही जोडून लिहा, ठिपके नकोत. 'एम. आय. डी. सी.' लिहिल्यावर शब्दाचे चार तुकडे होतात, ओळ मध्येच तुटते आणि प्रत्यय कुठे लावायचा तेच कळत नाही. अपवाद एकच : एखाद्या संस्थेच्या नोंदणीतल्या नावातच ठिपके असतील तर तसेच ठेवा.

*शब्द झालेली नावे.* 'महावितरण', 'म्हाडा', 'सिडको', 'मनरेगा'. ही साध्या नामासारखी चालवा, ठिपका नाही.

विद्यापीठाचे नाव या सगळ्यांची परीक्षा घेते. 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव' हे लांब नाव बातम्यांत 'कबचौउमवि' होते. बाहेरच्या जिल्ह्यातल्या कंपनीला ही सहा अक्षरे कळायचे कारण नाही. पहिल्यांदा पूर्ण नाव लिहा, पुढे 'विद्यापीठ' एवढेच पुरते. शॉर्टफॉर्मऐवजी असा साधा शब्द मिळत असेल तर तोच घ्या : 'बाजार समिती', 'पंचायत समिती', 'कंपनी', 'संस्था'.

पहिल्या वेळी पूर्ण नाव, लगेच कंसात संक्षेप, पुढे फक्त संक्षेप : 'महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी)'. नाव पत्रात एकदाच येत असेल तर कंस घालूच नका. तीनदा किंवा जास्त येत असेल तरच संक्षेपाचा फायदा. विषयाच्या ओळीत मात्र, 'जीएसटी'सारखे सर्वांना ठाऊक असलेले सोडून, शॉर्टफॉर्म वापरू नका. आवक नोंदवहीत तीच ओळ उतरवली जाते. सहा महिन्यांनी तुमचे पत्र शोधणाऱ्याला ती एकटीच दिसते, कंसातला खुलासा दिसत नाही.

सावध, एकाच अक्षरांची दोन घरे :

- 'एसटी' : राज्य परिवहनची बस आणि अनुसूचित जमाती. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा इथल्या पत्रांत दोन्ही एका पानावर येतात. 'एसटी विद्यार्थी सवलत' म्हणजे नेमके काय?
- 'पीओ' : कंपनीत खरेदी आदेश, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात प्रकल्प अधिकारी. तळोदा किंवा यावल प्रकल्पाला माल पुरवणाऱ्याचे 'पीओ मिळाला नाही' हे वाक्य वाचून समोरचा गोंधळतो.
- 'प्रा.' : प्राध्यापक, आणि 'प्रा. लि.'मधले प्रायव्हेट.
- 'प्र.' : प्रभारी, प्रमुख, प्रत. पदाआधी असेल तर 'प्रभारी' पूर्ण लिहा.
- 'का. अ.' : कार्यकारी अभियंता आणि कार्यकारी अधिकारी. हा संक्षेप तक्त्यातूनच काढून टाका.

टप्पा ६ : प्रत्यय

इंग्रजी अक्षरांच्या शॉर्टफॉर्मला प्रत्यय जोडून येतो : 'जीएसटीचा', 'एमआयडीसीत', 'आरटीओकडून'. 'जीएसटी चा' असे तोडले की 'चा' पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटा पडतो. ठिपक्याच्या संक्षेपाला प्रत्यय लावायची वेळ आली तर पूर्ण शब्दावर या. 'जि. प.च्या'पेक्षा 'जिल्हा परिषदेच्या' स्वच्छ, कारण 'परिषदे' हे सामान्यरूप संक्षेपात दडून जाते. अनेकवचनात रूप बदलत नाही, आकडा लावा : 'तीन जीआर', 'दोन एफआयआर'. पदाला आदरार्थी जोड दोन तऱ्हांनी होते, 'तहसीलदारांना' किंवा 'तहसीलदार यांना'. कुठलीही एक निवडा आणि पत्रभर तीच ठेवा.

टप्पा ७ : सहीखालचा भाग

अबक जिनिंग प्रा. लि. करिता,
(सही)
(अ. ब. पाटील)
व्यवस्थापक (खरेदी)

स्वतःच्या नावाआधी 'श्री.' लावू नका. पदाखाली 'साहेब' तर नकोच, तरी ते कधीकधी सापडते. पद, लेटरहेड आणि शिक्का यांवर एकच रूप हवे. शिक्क्यात 'मॅनेजर' आणि टंकलिखित 'व्यवस्थापक' असे झाले तर बँक पुन्हा सही मागू शकते. दुसऱ्यासाठी सही करत असाल तर आधी स्वतःचे पद आणि खाली 'व्यवस्थापक यांच्याकरिता' असे लिहा. त्यांच्या पदावर आपली सही मारून मोकळे होऊ नका.

टप्पा ८ : तेच पत्र इंग्रजीत जाते तेव्हा

परराज्यातल्या व्यापाऱ्याला किंवा निर्यातीच्या कागदांना इंग्रजी लागते, आणि कॅपिटलची गरज तिथेच पडते. पद नावाला चिकटून आधी आले तर पहिले अक्षर मोठे. पद नावानंतर स्वल्पविरामाने आले, किंवा 'आमचा मॅनेजर' असे सामान्यपणे आले, तर चालू मजकुरात लहान. पत्त्यात, सहीखाली आणि कार्डावर मोठे. पदाच्या मधले 'ऑफ', 'अँड', 'फॉर' लहानच राहतात.

अक्षरी शॉर्टफॉर्म सगळा मोठ्या अक्षरांत, ठिपक्यांशिवाय. पण तो उलगडताना सगळे शब्द मोठे होत नाहीत. 'परचेस ऑर्डर'ची आद्याक्षरे मोठी असली तरी पूर्ण शब्द लहान अक्षरांतच लिहायचे, कारण ते विशेषनाम नाही. अनेकवचनाला लहान 'एस' जोडा, मध्ये वरचा स्वल्पविराम नको. आधी 'ए' की 'ॲन' हे उच्चारावर ठरते : एमआयडीसीचा उच्चार 'ए'ने सुरू होतो, म्हणून 'ॲन'.

टप्पा ९ : छापण्याआधी, पडद्यावर

कंट्रोल आणि एफ दाबून एकेक गोष्ट शोधा.

पहिली, विसर्ग. 'विषयः', 'संदर्भः', 'प्रतिः' असे दिसले तर तिथे अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टाइप झाला आहे. दिसायला सारखे, पण वाचताना 'विषयह'. अक्षर आणि अपूर्णविराम यांत एक जागा सोडली की चूक लगेच दिसते.

दुसरी, ठिपक्याच्या जागी शून्य : 'डॉ०', 'रु०'. तिसरी, 'अॅ'. शक्य तिथे 'ॲ' हे एकच अक्षर वापरा, नाहीतर काही फॉन्टमध्ये चंद्र बाजूला सरकतो. चौथी, ओळीअखेर एकटा पडलेला 'श्री.' किंवा 'रु.'. तिथे साध्या जागेऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस दाबून न तुटणारी जागा घाला, म्हणजे 'श्री.' नावासोबतच खाली उतरेल.

जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीतला नमुना युनिकोडमध्ये बदलला असेल तर ठिपके, कंस आणि स्वल्पविराम एकदा डोळ्यांनी पाहा. रूपांतरात अक्षरे बहुधा बरोबर येतात, चिन्हेच बदललेली असतात.

शेवटी पत्राची प्रत कार्यालयातल्या अशा माणसाला द्या ज्याला त्या प्रकरणाची काहीच माहिती नाही. त्याला फक्त पत्ता, विषय आणि सही वाचायला सांगा. पत्र कुणी, कुणाला, कोणत्या कार्यालयात पाठवले हे त्याला तेवढ्यावरून सांगता आले तर जावक क्रमांक टाका.